जुन्या लॉजिंग हाऊसच्या हॉटेलात खोली घेताना

लॉजिंग हाऊस म्हणजे स्वस्तात रात्र काढायची जागा. अशा जुन्या इमारतीचं पुढे हॉटेल झालं असेल, तर त्याचे चकचकीत फोटो बघत बसू नका. आधी एवढंच शोधा, की ही इमारत मुळात बांधली कुणासाठी? न्यूयॉर्कची ‘द जेन’ ही इमारत १९०८ साली खलाशांसाठी उभी राहिली. पुढे तिचं हॉटेल झालं, तरी खोल्या राहिल्या बोटीतल्या केबिनएवढ्याच. न्यूयॉर्कच्याच मिल्स हाऊस या लॉजिंग हाऊसमध्ये (१८९७) एकट्या पुरुषांना २० सेंटांत रात्र काढता यायची. लंडनच्या रौटन हाऊस या तशाच जागेत सहा पेन्स पडत. एवढ्या भाड्यात धंदा बसवायचा, म्हणजे खोल्या इवल्याशा आणि न्हाणीघरं सामाईक. नंतर रंग कितीही मारा, भिंती सरकत नाहीत.

मिल्स आणि रौटन दोन्हीकडे फक्त पुरुषांनाच जागा होती. म्हणून बाई असाल तर फोनवर मी विचारते तसं थेट विचारा: ‘बायकांची बाथरूम कुठल्या मजल्यावर?’ नुसतं ‘सामाईक आहे’ एवढ्यावर सोडू नका. रात्री दोन वाजता जिना उतरायचाय तो आपल्याला.

मग खिडकी. मिल्स हाऊसच्या खोल्या एकतर रस्त्याकडे, नाहीतर आतल्या चौकाकडे उघडत. ही मांडणी पुष्कळ ठिकाणी दिसते. मी चौकाकडची मागते. उजेड बेताचाच, पण गाड्या ऐकू येत नाहीत. खाली चौकात बार असेल तर मात्र रस्त्याकडचीच घ्या, कारण चौक भोंग्यासारखा एकेक हसू वर चढवतो.

खोली ताब्यात घेण्याआधी बघून या. दार लावायचं, भिंतीवर बोटाच्या पेरानं टकटक करायचं आणि छताजवळची वीतभर पट्टी नीट न्याहाळायची. जुन्या इमारतींत दोन खोल्यांमधल्या फळ्यांच्या भिंती पुष्कळदा छतापर्यंत जातच नसत. वरची फट नंतर बुजवलेली असते. तिथे पोकळ आवाज आला, तर शेजाऱ्याचं घोरणं भाड्यातच धरलंय असं समजा. दुसरी खोली मागायला लाजू नका, सामान उघडायच्या आत मिळते बहुतेक.

लिफ्ट कुठल्या मजल्यापर्यंत जाते तेही विचारून घ्या. कडक सुटकेस नको. पलंगाखाली खण असतील तर ती ठेवायला जागाच उरत नाही, मऊ बॅग कुठेही कोंबता येते. सोबत रबरी चपला, लांब गाऊन, कानात घालायचे बोळे आणि एक्स्टेन्शन बोर्ड. प्लग बहुधा एकच असतो, आणि तोही दारामागे.