कृष्णधवल प्रिंट काढायला बसण्याआधी

प्रिंट कोणत्या उजेडात लागणार हे आधी ठरवा, इंकजेट प्रिंटरचं मशीन नंतर चालू करा. काळा घोड्याच्या एका दालनासाठी मी ससून डॉकचा पहाटेचा फोटो घरी ट्यूबलाइटखाली पाहून पक्का केला होता. करडा अगदी स्वच्छ वाटला. दालनातल्या पिवळसर दिव्याखाली मात्र कोळणींच्या ओल्या टोपल्यांवर गुलाबी झाक दिसली. तो करडा रंगीत शाया मिसळून बनला होता, आणि असा करडा उजेडाबरोबर झाक बदलतो. तेव्हापासून चाचणीचा प्रिंट खिडकीपाशी, ट्यूबखाली आणि पिवळ्या दिव्याखाली, तिन्हीकडे धरून पाहिल्याशिवाय मी पुढे जात नाही.

कागद छटेच्या आधी निवडा, कारण कागदाचा पांढरा हाच तुमचा सर्वांत उजळ टोन. पांढरेपणा वाढवणारी रसायनं घातलेला कागद दिवसाच्या उजेडात निळसर दिसतो; अतिनील किरणं अडवणाऱ्या काचेमागे तो निळेपणा ओसरतो. काळी शाई दोन प्रकारची: मॅट म्हणजे बिनचकाकीच्या कागदाला मॅट ब्लॅक, ग्लॉसी म्हणजे चकचकीत कागदाला फोटो ब्लॅक. काही मशीनमध्ये या दोन्ही एकाच नळीतून येतात, तिथे बदल करताना शाई वाया जाते. एका प्रकारचे सगळे प्रिंट एकदम उरका. पावसाळ्यात कागद पिशवीतून शेवटच्या क्षणीच काढा. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के असलेली बरी, आणि जुलैत मुंबईत त्यासाठी एसी लागतोच.

नॉझल चेक काढा, म्हणजे शाईची सगळी छिद्रं मोकळी आहेत का हे दाखवणारा रेघांचा नमुना. फिक्या करड्याची एक रेघ तुटली तरी आभाळात पट्टे उमटतात.

एप्सनच्या मशीनवर प्रिंटच्या सेटिंगमध्ये ‘अ‍ॅडव्हान्स्ड बी अँड डब्ल्यू फोटो’ हा कृष्णधवलचा पर्याय निवडला की काम मुख्यतः काळी आणि करड्या शाया करतात, रंगीत शाई छटेपुरतीच पडते. फोटोशॉपमध्ये रंगांचा कारभार प्रिंटरकडे द्या. न्यूट्रल, कूल, वॉर्म आणि सेपिया या तयार छटा आहेत. मी न्यूट्रलपासून सुरुवात करून त्याच सेटिंगमधल्या रंगचक्रावर, जिथे छटा आडव्या आणि उभ्या अशा दोन अंकांनी ठरते, दोन-तीन अंकांनीच सरकतो. ओल्या दगडाला, समुद्राला थोडी थंड छटा शोभते. चेहऱ्यांना, गिरणगावच्या जुन्या चाळींच्या लाकडी जिन्यांना किंचित उबदार. सेपिया मला जड वाटतो, तो फोटोच्या आधी स्वतः बोलतो.

पूर्ण आकाराचा कागद घालण्याआधी २१ पायऱ्यांची करडी पट्टी छापा. छटा गडद काळ्यात किंवा कोऱ्या पांढऱ्यात शोधू नका, ती मधल्या करड्यात खरी कळते. ९०, ९५ आणि १०० टक्क्यांचे चौकोन वेगळे दिसतात का पाहा. मॅट कागदावर ते लवकर एकमेकांत मिसळतात. तसं झालं तर फाइलमधले गडद भाग थोडे उजळा, छटेला हात लावू नका.

ताज्या प्रिंटवर निकाल देऊ नका, २४ तास सुकू द्या. मग पट्टीच्या मागे पेन्सिलीने कागदाचं नाव, काळ्या शाईचा प्रकार, रंगचक्रावरचे दोन्ही अंक आणि कोणत्या दिव्याखाली पाहिलं ते लिहून पट्टी त्या फोटोच्या पाकिटात ठेवा.