माळ्यावर पांघरूण घालण्याआधी फटी बुजवा

जुन्या घराच्या माळ्यावर इन्सुलेशन (घरातली ऊब बाहेर जाऊ न देणारा थर) घालायचं म्हटलं की जो तो विचारतो, किती इंच घालू? आम्ही मॅसॅच्युसेट्समध्ये, शंभरेक वर्षांच्या लाकडी घरात राहतो. माझं कळकळीचं सांगणं आहे, इंचांचा हिशेब नंतर करा. आधी फटी शोधा.

हिवाळ्यात घरातली गरम हवा वर चढते आणि सोबत वाफ नेते. आपल्याकडे वाफ काय कमी असते? कुकर, उकळतं वरण, आंघोळी, घरातच वाळत घातलेले कपडे. इन्सुलेशन घातल्यावर माळा आणखी थंड पडतो. फटी तशाच राहिल्या तर तीच वाफ गार फळ्यांवर दंव होऊन बसते, मग बुरशी धरते.

काम सुरू करण्याआधी दोन गोष्टी बघा. चिनी मातीच्या गुट्ट्यांवरून गेलेली जुनी वायर दिसली तर ती झाकू नका, इलेक्ट्रिशियनला बोलवा. जुन्या थरात राखाडी-सोनेरी, चकचकीत दाणे दिसले तर हातही लावू नका. ते बहुधा व्हर्मिक्युलाइट, म्हणजे इन्सुलेशन म्हणून वापरलेलं एक खनिज असतं. मोंटानातल्या लिबीच्या खाणीतून, १९९० मध्ये ती बंद होईपर्यंत, आलेल्या मालात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक असे बारीक तंतू असायचे. ते काढायचं काम परवानाधारकांचंच.

आता फटी. जुनं फायबरग्लास (काचेच्या तंतूंचं इन्सुलेशन) उचललं की त्याच्या खालच्या बाजूला काळपट डाग दिसतात. हवा तिथूनच जाते. पाइपांभोवती, वायरींच्या भोकांत, भिंतींच्या माथ्यावर बघा. जुन्या घरांत भिंतीची पोकळी थेट माळ्यात उघडी असते, ती पुठ्ठ्यासारख्या कडक फोमच्या तुकड्याने बंद करा. बारीक चिरेला कॉक (फट बुजवायची पेस्ट), बोटभर फटीला स्प्रे फोम. चिमणीजवळ मात्र फोम अजिबात नको. तिथे पत्रा आणि उष्णतारोधक सीलंट लावा, आणि इन्सुलेशन चिमणीपासून दोन इंच दूर ठेवा.

बाथरूमच्या पंख्याचा पाइप माळ्यातच सोडलेला असेल तर तो छपरातून किंवा भिंतीतून बाहेर काढा. स्वयंपाकघरातला हूडही तपासा. पुष्कळ हूड हवा गाळून परत खोलीतच सोडतात.

वळचणीच्या झरोक्यांपाशी बॅफल (इन्सुलेशनने झरोका बुजू नये म्हणूनची पन्हळ) ठोकून हवेची वाट मोकळी ठेवा, मगच सेल्युलोज (कागदाच्या बारीक तुकड्यांचं इन्सुलेशन) पसरा. इंचाला साधारण ३.५ आर (उष्णता अडवण्याचं माप) मिळतो, म्हणजे १४ इंचांत ४९. कागद लावलेलं फायबरग्लास घेतलंत तर कागद खाली, उबदार बाजूला. वरचा थर बिनकागदाचा. प्लॅस्टिक वरून कधीच अंथरू नका. माळ्याच्या झडपेला रबरी पट्टी आणि पाठीवर फोमचा बोर्ड लावा.

गॅसचा बॉयलर किंवा गीझर असेल तर घर असं बंदिस्त केल्यावर त्याचा धूर नीट बाहेर जातो का, हे तपासून घ्या. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच.

पुढच्या कडाक्याच्या थंडीत, पहाटे, टॉर्च घेऊन वर जा. छपरातून आत आलेल्या खिळ्यांच्या टोकांवर दंव दिसलं, तर त्याच्या आसपास, खाली एखादी फट राहिली आहे.