पहिली मॅच मारली! आता प्रेक्षकांनी काय करायचं?

माझं साताऱ्यात गोडोलीत शिवणाचं दुकान आहे. ब्लाउज, पंजाबी ड्रेस, फॉल-पिको, असलं. हॉकीशी माझा संबंध आला तो एका तुटक्या पट्ट्यामुळं. लेक कॉलेजमधून गादीएवढं पॅड काखोटीला मारून आली आणि म्हणाली, "आई, हे मशीनवर बसंल का गं?" मशीनवर कुठलं बसतंय! दाभण आणि मेणाचा दोरा घेऊन हातानं शिवलं. ते शिवता शिवता कळलं की आमच्या बाईसाहेब कॉलेजच्या टीमच्या गोलकीपर झाल्यात आणि घरात कुणाला पत्ताच नाही.

तेव्हापासून झोनलची, म्हणजे कॉलेजांच्या विभागीय स्पर्धेची, पहिली मॅच मी चुकवलेली नाही. दोन हरताना बघितल्या, एक जिंकताना. हरल्यावर काय करायचं ते सगळ्यांना येतं. गप्प बसायचं, घरी गरम जेवायला वाढायचं आणि पोरगी काढेपर्यंत विषय काढायचा नाही. घोळ होतो तो जिंकल्यावर. मागच्या सीझनला पहिलीच मॅच 2-1 नं मारली आणि आम्ही पालकांनी, हॉस्टेलच्या पोरींनी आणि दोन-चार माजी खेळाडूंनी मिळून त्या आनंदाचा पार चिवडा करून टाकला. त्यातून शिकले ते सांगते. ज्यांची लेक, भाची नाहीतर शेजारची पोर यंदा उतरणार आहे, त्यांनी वाचून ठेवा.

आधी गोल झालाय का ते बघा

हसू नका. मॅच सुरू होऊन दहा मिनिटं झाली असतील. आमच्या सेंटर हाफनं, म्हणजे मधल्या फळीतल्या पोरीनं, लांबून सणसणीत हिट मारली, बॉल सरळ जाळीत. आमचे हे ताडकन उठले आणि शेजारच्या अनोळखी माणसाला कडकडून मिठी मारली. तो माणूस कराडच्या टीममधल्या एका मुलीचा बाप निघाला. वर गोल नव्हताच. हॉकीत डीच्या आत आपल्या कुणाची तरी स्टिक बॉलला लागावी लागते. डी म्हणजे गोलसमोर आखलेली ती कमान, गोलपोस्टपासून 14.63 मीटरवरची. बाहेरून मारलेला बॉल आत आपल्या कुणाला न लागता जाळीत गेला, तर तो गोल धरत नाहीत, समोरच्या टीमला हिट मिळते. कराडचे काका भले होते. "बसा बसा, होईल," एवढंच म्हणाले.

म्हणून बॉलकडं बघून नाचू नका, अंपायरच्या हातांकडं बघा. दोन्ही हात ग्राउंडच्या मध्याकडं केले तर गोल. दोन्ही हात गोलकडं केले तर पेनल्टी कॉर्नर, तो काय ते पुढं सांगते. एवढं पाठ केलं तरी निम्मी फजिती टळते.

दुसरी फजिती 'फूट'ची. बॉल कुणाच्या पायाला लागला की सगळं पब्लिक "फूट! फूट!" म्हणून ओरडतं, कारण इतर खेळाडूंच्या बाबतीत तो फाउल असतो. पण गोलकीपरला स्वतःच्या डीमध्ये पायानं बॉल मारायची मुभा आहे. त्यासाठीच तर ते किकर, म्हणजे बुटांवरचे जाड फोमचे पॅड, घातलेले असतात. आमच्याच बाजूची एक मावशी माझ्या लेकीकडं बघून "फूट" ओरडली तेव्हा माझ्या जिवाचं काय झालं ते मलाच ठाऊक.

बाकी नियम हळूहळू कळतात. पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर, पण आपल्याकडच्या स्पर्धांत ग्राउंड कमी आणि टीम जास्त असल्या की वेळ कमी करतात, ते आधी विचारून घ्या. हिरवं कार्ड म्हणजे दोन मिनिटं बाहेर, पिवळं म्हणजे कमीत कमी पाच. समोरच्या पोरीला कार्ड मिळालं म्हणून टाळ्या वाजवू नका, वाईट दिसतं.

पेनल्टी कॉर्नर नीट बघायला शिका

याच्यावर मी जरा जास्त वेळ घालवणार आहे, कारण मॅच इथं फिरते आणि नेमकं इथंच पब्लिक मोबाइल वर करून उभं राहतं.

कॉर्नर मिळाला की बचाव करणाऱ्या टीमच्या जास्तीत जास्त पाच जणी गोललाइनच्या मागं थांबतात, कीपर धरून. बाकीच्या सगळ्या पार अर्ध्या रेषेच्या पलीकडं. अटॅकमधली एक जण गोलच्या बाजूला, मागच्या रेषेवरून बॉल आत ढकलते, डीच्या तोंडावर दुसरी तो अडवते, तिसरी मारते. बॉल आधी डीच्या बाहेर जाऊन यावा लागतो. आणि पहिला फटका हिट, म्हणजे स्टिक फिरवून मारलेला असेल, तर बॉल गोललाइन ओलांडताना 460 मिलिमीटरच्या वर नसावा, म्हणजे गोलच्या मागच्या फळीच्या उंचीएवढा. फ्लिक केला, म्हणजे स्टिकनं उचलून फेकला, तर मात्र कितीही उंच चालतो.

आता मागच्या सीझनची शेवटची दोन मिनिटं सांगते. आम्ही 2-1 नं पुढं. पावसानं मातीचं ग्राउंड चिकट झालेलं. कराडला कॉर्नर मिळाला. माझी लेक हेल्मेटची जाळी दोनदा हलवून घट्ट करते, ती तिची सवय. तिच्या उजव्या हाताला एक बारकी पोरगी उभी होती, गुडघ्याला पट्टी बांधलेली. तिला फर्स्ट रशर म्हणतात. बॉल ढकलल्याबरोबर तिनं सरळ मारणाऱ्या पोरीच्या अंगावर धावायचं, की तिला मोकळी जागाच मिळू नये. बॉल सुटला आणि ही सुटली. चिखलात पाय सरकत होते तरी थांबली नाही. मारणारीनं घाई केली, बॉल हिच्या स्टिकला घासून दिशा बदलून गेला, लेकीनं डावा पाय टाकला, किकरला लागून बॉल बाहेर. शिट्टी. मॅच संपली.

सगळं पब्लिक दुसरा गोल मारलेल्या पोरीकडं धावलं. तिला उचललं, फोटो काढले. तीही चांगलीच खेळली होती, वाद नाही. पण तो बारीक घासा कुणी बघितलाच नाही. मी बघितला, कारण मी माझ्या लेकीशिवाय दुसरीकडं बघत नव्हते आणि ती पोरगी मधे आली! नंतर लेकच घरी म्हणाली, "आई, तो बॉल सरळ आला असता तर मला दिसलाच नसता."

तर जिंकल्यावर पहिलं काम हे, की स्कोअरशीटवर जिचं नाव नाही अशा एका पोरीला गाठा आणि तिनं नेमकं काय केलं ते तिला सांगा. "छान खेळलीस" असं मोघम नको. "त्या शेवटच्या कॉर्नरला तू धावलीस ना, ते मी बघितलं," असं. मी त्या पोरीला हे म्हटलं तेव्हा ती गुडघ्याची पट्टी सोडवत होती. वर बघितलं, लाजली आणि पट्टी परत तशीच बांधून बसली.

शिट्टी वाजल्यावर

लगेच ग्राउंडमध्ये घुसू नका. दोन्ही टीमच्या पोरी हात मिळवतात, अंपायरना भेटतात, कोच त्यांना रिंगण करून बसवतात. ती पाच-दहा मिनिटं त्यांची. आम्ही घुसलो होतो, तर कोच सर कडक शब्दांत म्हणाले, "काकू, ओल्या ग्राउंडवर चपला घेऊन? संध्याकाळी अजून एक मॅच आहे इथं." ते खरंच होतं. खड्डे आम्ही पाडायचे आणि बॉल उडाल्यावर पोरींना बोलायचं.

खाण्याचं म्हणाल, तर कंदी पेढ्यांचा बॉक्स पहिल्या मॅचला आणू नका. आपण सातारकर, हात लगेच मोती चौकाकडं वळतो. पण तासभर पळून आलेल्या पोरीच्या तोंडात पेढा कोंबला की ती पाणी मागते आणि मग तिला जेवण जात नाही. केळी आणा, मीठ-साखरेचं लिंबूपाणी आणा, शेंगदाण्याची चिक्की चालेल. केळी मोजून आणू नका. समोरच्या टीमलाही द्या, त्या एसटीनं आलेल्या असतात आणि एसटीनंच जायच्या असतात. मिठीवाल्या काकांना आमच्या ह्यांनी दोन केळी जास्त दिली.

स्टेटस आणि फ्लेक्स

इथं माझी चूक आहे, ती सांगते.

त्या दिवशी मी उत्साहाच्या भरात अख्ख्या टीमचा फोटो स्टेटसला ठेवला. खाली लिहिलं, 'आमच्या वाघिणी, चॅम्पियन!' तो फोटो कुणीतरी उचलला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी नाक्यावर फ्लेक्स. वर अकरा पुरुषांचे चेहरे, शुभेच्छुक म्हणून, त्यातल्या नऊ जणांनी मॅच बघितलेली नव्हती. पोरींचा फोटो खाली, एवढासा, माझ्या दुकानातल्या बटणांच्या डबीच्या झाकणाएवढा. पण ओळखू येण्याएवढा. टीममधल्या एकीच्या घरी ती हॉकी खेळते हे माहीत नव्हतं, शॉर्ट्स घालते हे तर नव्हतंच. गावाकडनं चुलत्याचा फोन आला. चार दिवस ती पोरगी प्रॅक्टिसला आली नाही. मी स्वतः तिच्या घरी जाऊन आले, तिच्या आईशी बोलले, चहा झाला, शेवटी जमलं. पण ते सगळं माझ्या एका स्टेटसपायी.

त्यात दुसरी मॅच 0-3 नं हरलो. झोनल नॉकआउट, म्हणजे खेळ खलास. फ्लेक्स मात्र 'चॅम्पियन' म्हणत तिथंच लटकलेला, आणि माझी लेक कॉलेजला लांबच्या रस्त्यानं जायला लागली.

तेव्हा फोटो टाकण्याआधी टीममधल्या प्रत्येकीला विचारा. एकीनं जरी नको म्हटलं तरी टाकू नका, कारण विचारू नका. लिहायचंच असेल तर सरळ लिहा: कोण विरुद्ध कोण, स्कोअर किती, गोल कुणी मारले, बचावात कोण चांगलं खेळलं, पुढची मॅच कधी. 'चॅम्पियन', 'इतिहास घडवला' हे शब्द फायनलसाठी शिल्लक ठेवा.

आणि "आता फायनल आपलीच" म्हणणाऱ्यांचं काय करायचं?

असा एकजण दर ग्राउंडवर असतो. आमच्याकडं दोन आहेत. त्यांना मी टोकियो ऑलिम्पिक सांगते. 2021 मध्ये आपल्या पुरुषांच्या टीमनं पहिली मॅच न्यूझीलंडशी 3-2 जिंकली. दुसऱ्याच दिवशी ऑस्ट्रेलियानं 7-1 नं धुतलं. त्याच टीमनं शेवटी जर्मनीला 5-4 हरवून ब्राँझ आणलं, तेही शेवटच्या काही सेकंदांत जर्मनीला मिळालेला पेनल्टी कॉर्नर अडवून. आपला गोलकीपर श्रीजेश त्यानंतर गोलपोस्टवर चढून बसला होता, आठवतंय? आमच्या घरी तो व्हिडिओ इतक्यांदा लागलाय की मला कुठल्या क्षणी तो उडी मारतो ते तोंडपाठ आहे. आणि त्याच ऑलिम्पिकमध्ये आपल्या मुली पहिल्या तिन्ही मॅच हरल्या. नेदरलँड्सकडून तर 5-1 नं. तरी पुढच्या दोन जिंकून पुढं सरकल्या आणि ऑस्ट्रेलियाला 1-0 नं घरी पाठवून सेमीफायनल गाठली. पहिल्या मॅचवरनं भविष्य सांगायचं असेल तर आधी हे दोन हिशोब जुळवून दाखवा, म्हणते मी. मग ते राजकारणावर बोलायला लागतात.

उलट, "हे काय, झोनलचीच तर मॅच," असं नाक मुरडणारेही भेटतात. त्यांना फलटण तालुका दाखवा. वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे तिथल्याच, आणि भारताच्या टीमकडून खेळल्यात. त्यांनीही कधीतरी कुठली तरी पहिली मॅच खेळलीच असणार, समोर दहा-बारा माणसं बसलेली.

घरी आल्यावर

पोरीला लगेच मॅचबद्दल विचारू नका. आंघोळ, जेवण, झोप. ती आपणहून बोलायला लागली की ऐका आणि मधे नियम शिकवू नका. माझ्या ह्यांना हे अजून जमत नाही.

तुमची पोर कीपर असेल तर तुमचं काम अजून संपलेलं नाही. किट बहुतेक कॉलेजचं असतं, एकच असतं आणि पुढच्या मॅचलाही तेच घालायचं असतं. बॅग तशीच बंद ठेवलीत तर सकाळी घरात उभं राहवणार नाही. सगळं बाहेर काढा. चिखल वाळू द्या, मग ब्रशनं झाडा. ओला चिखल चोळलात की तो कापडात बसतो. चेस्ट गार्ड आणि हेल्मेटच्या आतलं अस्तर ओल्या फडक्यानं पुसा. पॅड आणि किकर कडक उन्हात टाकू नका, फोम कडक होतो. सप्टेंबरात साताऱ्यात ऊन मिळतंय म्हणा! पंख्याखाली उभे करून ठेवा. पट्टे एकेक ओढून बघा, शिवण उसवायला लागलेली असेल तर आत्ताच दोन टाके घाला, मॅचच्या सकाळी दाभण सापडत नाही.

किकरच्या आत जुनी वर्तमानपत्रं चुरगळून भरा. रात्री अकराच्या सुमारास ती काढून नवी भरायची. पहिल्या खेपेची इतकी ओली होतात की पिळून पाणी निघतं.