गाबोळीचा दाणा मोजताना: मायक्रोस्कोपवर नव्याने बसणाऱ्यांसाठी

रत्नागिरीत मासळीवर काम करणाऱ्या एका प्रयोगशाळेत मी रुजू झाले, तेव्हा पहिल्याच दिवशी हातात बांगड्याच्या गाबोळीचा, म्हणजे अंड्यांनी भरलेल्या पिशवीचा तुकडा, एक वॉच ग्लास (काचेची उथळ वाटी) आणि दोन सुया मिळाल्या. "दाणे सुटे कर आणि शंभरांचा व्यास घे," एवढंच मॅडम म्हणाल्या आणि मिरकरवाड्याच्या बंदरावर मासळी आणायला निघून गेल्या. बी.एस्सी.ला मी तीन वर्षं मायक्रोस्कोपवर बसले होते, पण त्या स्लाइड कुणीतरी आधीच कापून, रंगवून, नाव लिहून ठेवलेल्या असायच्या. इथे पुढ्यात काय दिसणार आहे ते सांगणारं कुणी नव्हतं. यंदा जी मुलं प्रोजेक्टवर किंवा एम.एफ.एस्सी.ला (मत्स्यविज्ञानाच्या पदव्युत्तर अभ्यासाला) येतील, त्यांच्यासाठी हे लिहितेय.

मायक्रोस्कोपवर दिवसातला बहुतेक वेळ मोजण्यात जातो. गाबोळीतले सगळे दाणे साधारण एका मापाचे असतील, तर मासा अंडी एकदम टाकणार. लहान-मोठ्या दाण्यांचे वेगळे गट दिसले, तर टप्प्याटप्प्याने. आपल्याकडे १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते ती माशांच्या विणीच्या हंगामासाठी, आणि तो हंगाम ठरवताना असे हजारो दाणे कुणीतरी डोळ्यांनी मोजलेले असतात.

व्यास घ्यायला आयपीसमध्ये, म्हणजे डोळा लावायच्या भिंगात, एक बारीक पट्टी बसवलेली असते. तिच्या एका भागाला स्वतःचं असं माप नसतं. स्टेजवर दुसरी, खऱ्या मापाची पट्टी ठेवायची. तिच्यात १ मिलिमीटरचे १०० भाग, म्हणजे एक भाग १० मायक्रॉनचा. दोन्ही पट्ट्यांच्या रेषा जुळवून आयपीसमधला एक भाग किती मायक्रॉनचा ते काढायचं. तोच आपला गुणक. १०च्या, म्हणजे दहापट मोठं दाखवणाऱ्या लेन्सला तो १० मायक्रॉन आला, तर ४०च्या लेन्सला अडीचच्या आसपास येतो. लेन्स बदलली की गुणक बदलतो, आणि मायक्रोस्कोप बदलला तरी बदलतो.

हे दुसरं मला फार महागात पडलं. माझ्या मायक्रोस्कोपच्या भिंगात बुरशी धरली म्हणून तो दुरुस्तीला गेला आणि मी शेजारच्यावर बसले. गुणक तोच जुना, २५ मायक्रॉनचा धरला. पुढे कधी हा, कधी तो असं चालू राहिलं. तीन आठवड्यांनी सहज पट्टी लावून पाहिली, तर शेजारच्याचा एक भाग जवळजवळ २७ मायक्रॉनचा निघाला. नुसता गुणक चुकला असता तर आकडे पुन्हा गुणून सुधारता आले असते. पण कोणत्या दिवशी कोणत्या मायक्रोस्कोपवर बसले होते, तेच मी वहीत लिहिलं नव्हतं. तीन आठवड्यांची सगळी वाचनं बाद करावी लागली. गाबोळ्या फॉर्मॅलिनच्या (नमुना टिकवणाऱ्या द्रावाच्या) बाटल्यांत नीट चिठ्ठ्या घालून ठेवल्या होत्या म्हणून सगळं पुन्हा मोजता तरी आलं. तेव्हापासून दर पानावर तारीख, मायक्रोस्कोपचा नंबर, लेन्स आणि गुणण्याआधीचे मूळ भाग, एवढं लिहिल्याशिवाय मी पहिला दाणा घेत नाही. काम संपलं तरी नमुना लगेच फेकायचा नाही, तेही तेव्हाच शिकले.

समुद्राच्या पाण्यातले प्लवक, म्हणजे पाण्याबरोबर तरंगणारे बारीक जीव, मोजायची रीत वेगळी. बादलीने ५० लिटर पाणी बारीक जाळीतून गाळायचं, जाळीत राहिलेलं ५० मिलिलिटरवर आणायचं, आणि ल्युगोल आयोडीनचे थेंब घालून फिक्या कोऱ्या चहाचा रंग येऊ द्यायचा. मग बाटली हलक्या हाताने वरखाली करून त्यातलं १ मिलिलिटर सेजविक-राफ्टर सेलमध्ये (मोजणीच्या काचेच्या चौकटीत) भरायचं. हा सेल ५० मिलिमीटर लांब, २० रुंद आणि १ खोल असतो. म्हणजे त्यात जे दिसतं ते १ लिटर समुद्रातलं, हिशोब इतका सोपा. भरल्यावर थोडा वेळ थांबायचं, सगळं तळाशी बसू द्यायचं. सेल जाड असल्यामुळे ४०ची लेन्स त्यावर खाली आणायची नाही, काच फुटते आणि लेन्सलाही ओरखडा जातो. १०च्या लेन्सवरच मोजायचं, आणि एखादी जात ओळखू येत नसेल तर तिचा थेंब वेगळ्या स्लाइडवर घ्यायचा. पावसाळा सरता सरता डायटम (काचेसारखं कवच असलेलं एकपेशीय शैवाल) इतके असतात की एका सेलला अख्खी सकाळ जाते. तारलीचं पोट उघडून बघा, पाण्यात मोजलेला गोल चाळणीसारखा कॉसिनोडिस्कस तिथेही सापडेल. ते जुळलेलं बघताना मला आजही आनंद होतो.

नवीन मुलं अस्पष्ट दिसलं की लगेच मोठी लेन्स लावतात. आधी खालचा कन्डेन्सर, म्हणजे नमुन्यावर प्रकाश एकवटणारं भिंग, बघा. तो वर घेतलाय का, त्याची झडप किती उघडी आहे? जिवंत, पारदर्शक जीव बघताना झडप थोडी मिटली की कडा उठून दिसतात. जास्त मिटली तर बारकावे जातात. १००च्या लेन्सला तेल लागतं, कारण तेल आणि काच प्रकाशाला जवळपास सारखंच वळवतात. ते तेल ४०च्या लेन्सला लागलं तर लगेच लेन्स पेपरने पुसा. आणि एवढं सगळं करूनही साधारण ०.२ मायक्रॉनपेक्षा जवळचे दोन ठिपके वेगळे दिसत नाहीत. ही मर्यादा प्रकाशाच्या लहरींची आहे, अर्न्स्ट आबेने ती १८७३ मध्येच मांडली होती. कॅमेऱ्याचं चित्र पडद्यावर कितीही ताणलं तरी त्यात नवीन काही उमटत नाही.

म्हणूनच कोळंबीच्या तलावावर नोकरी लागली तर कल्ल्यांवर चिकटलेले झूथॅम्नियम या एकपेशीय जीवाचे झुपके तुम्ही दहा मिनिटांत दाखवाल, पण पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाचा विषाणू याखाली दिसायचा नाही. त्याला पीसीआर, म्हणजे विषाणूचा डीएनए शोधणारी चाचणी, लागते. हॅचरीत पिल्लांना द्यायचं कीटोसेरॉस हे डायटम किती दाट झालंय ते हिमोसायटोमीटरवर (पेशी मोजायच्या चौकटी आखलेल्या काचेवर) मोजतात, तेवढं पक्कं येत असेल तर मुलाखतीत मुद्दाम सांगा.

एकदा संध्याकाळी जेटीवरून आणलेल्या पाण्यात रात्री हात घातला आणि बोटांभोवती निळसर उजेड पसरला. नॉक्टिल्युका. तो फॉर्मॅलिनमध्ये आक्रसतो, म्हणून तेव्हाच थेंब घेऊन बसले. ४ची लेन्स पुरली, कारण हा एकपेशीय जीव १ मिलिमीटरपर्यंत सहज वाढतो. सोललेल्या ताडगोळ्यासारखा नितळ गोळा, एका बाजूला खळगा, त्यातून निघालेली सोंड संथपणे वळत होती. पोटात हिरवे ठिपके हलत होते. ते त्याच्या आत राहणारं शैवाल. मी फोटो काढला, पण पेन्सिलीने चित्रही काढलं. सोंड नेमकी कुठून निघते हे चित्र काढतानाच नीट बघितलं गेलं.

आता जून जवळ आलाय. आपल्याकडच्या दमट हवेत भिंगांवर बुरशी धरायला वेळ लागत नाही. कपाटात सिलिका जेल ठेवा, निळ्याचं गुलाबी झालं की तापवून पुन्हा निळं करा. खारं पाणी स्टेजवर सांडलं तर दुपारच्या जेवणाआधीच आधी साध्या पाण्याच्या ओल्या फडक्याने, मग कोरड्याने पुसा. जेवून येईपर्यंत मीठ कोरडं होतं आणि स्क्रूच्या आट्यांत बसतं.