वंशावळ शोधायला निघालात? आधी फेरफार काढा

वंशावळ काढून मागणाऱ्या बहुतेकांना पहिल्याच बैठकीत पानिपतावर लढलेला पूर्वज हवा असतो. मी त्यांना तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये पाठवतो. नवशिक्यांनीही तिथूनच सुरुवात करावी. पणजोबा वारल्यावर जमिनीला वारस लागले, त्या फेरफारात, म्हणजे जमिनीच्या हक्कबदलाच्या नोंदीत, मयत कोण, वारस कोण, नातं काय, हे एका जागी मिळतं. जोडीला गाव नमुना 14, म्हणजे जन्म-मृत्यूच्या नोंदींचं कोतवाल बुक, आणि शाळेचं जनरल रजिस्टर.

कोतवाल बुकाची जुनी पानं मोडीत असतात, त्यामुळे मोडीला पर्याय नाही. पुराभिलेख संचालनालय तिचे वर्ग घेतं. अक्षरं लवकर येतात. लिहिणाऱ्याचा हात ओळखायला वेळ लागतो, कारण शब्दांत जागा नसते आणि ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नसतो. मग येतं सालांचं त्रांगडं. शकात 78 मिळवले की इसवी सन येतो, फसली या महसुली सनात 590. जानेवारीपासून पाडव्यापर्यंतच्या तारखांना शकात 79, आणि जानेवारीपासून मृगापर्यंतच्या तारखांना फसलीत 591 धरा. पेशवाईतल्या कागदांवर सुहूर सनाचं साल अरबी अंकशब्दांत असतं : ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे सुहूर 1161 (इसवी 1760-61), पानिपताचं साल. हे आकडे पाठच करावे लागतात.

बायका शोधताना ‘कोम’वर नजर ठेवा. ‘कोम’च्या पुढे नवऱ्याचं नाव येतं. छापील कुलवृत्तांतांच्या वेलीत अनेकदा मुलगेच असतात, पण वारसाच्या आणि दत्तकाच्या कागदांत विधवा भेटते. त्र्यंबकेश्वरी तुमच्या गावचे तीर्थोपाध्याय कोण, तेही विचारून ठेवा. त्यांच्या वह्यांत यात्रेला आलेल्यांनी आपली, भावांची, मुलांची नावं लिहिलेली असतात, कधी स्वतःच्या हातची.

आजोबांचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. एकच राणोजी तीन पिढ्यांत दिसला की दोघांचा एक करून टाकण्याचा मोह होतो. साल जुळल्याशिवाय पुढे सरकू नका.

सगळ्यात फसवा कागद म्हणजे वतनाच्या वादातला करीना, म्हणजे पक्षकाराने सांगितलेली हकीकत. सात-आठ पिढ्या आयत्या मिळतात, म्हणून लोक हरखतात. पण ती वादीची बाजू आहे. वतन मिळावं म्हणून सांगितलेली. प्रतिवादीचा करीना मिळाला तर तो आधी वाचा. दुसरा पुरावा नसलेली पिढी मी तुटक रेषेने जोडतो. घरच्यांना ती रेष खुपते, लग्नाच्या आमंत्रणाआधी ती सलग करून मागणारेही असतात. मी करून देत नाही.