पुडी एक, पाणी एक लिटर

पहिला पाऊस पडला, विहिरी गढूळ झाल्या की आमच्या उपकेंद्रात दोन गोष्टींचा खप वाढायचा: विहिरीचं पाणी शुद्ध करायची टीसीएल (ब्लीचिंग) पावडर आणि ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या पुड्या. कोकणात सिस्टर म्हणून ३० वर्षं काढली. जुलाब झालेलं पोर कडेवर घेऊन आलेली बाई दारातूनच म्हणायची, "सिस्टर, सलाईन लावा." पोर शुद्धीत असेल, पीत असेल तर बहुतेक वेळा सुई लागत नाही. लागतं ते नीट मोजलेलं पाणी. आणि घोळ नेमका मोजण्यातच होतो.

एका आजीने लिटरची पुडी फुलपात्रभर पाण्यात कालवून नातवाला पाजली होती. "पातळ केलं तर गुण कसा येईल?" पोराची तहान भागेना, जुलाब वाढले. मी तिला विचारलं, कैरीच्या फोडींना मीठ लावून ठेवलं की काय होतं? "पाणी सुटतं." आतड्याचं तसंच आहे. आत दाट मीठ-साखर गेली की अंगातलं पाणी उलट आतड्यात उतरतं. आजीला पटलं, पुढे वाडीतल्या सुनांना तीच शिकवायची.

म्हणून आधी पुडीवरचं वाचा. मोठी १ लिटरची असते, छोटी २०० मिलीची. बाजारातली लिटरची बाटली धुऊन ठेवा, म्हणजे मापाचा प्रश्न मिटला. पाणी उकळून गार केलेलं घ्या, पुडी सगळीच्या सगळी ओता. अर्धी आज, अर्धी उद्या असं करू नका, क्षार सारखे वाटले जात नाहीत. वर साखर, दूध, सरबत काही घालायचं नाही. कालवल्यावर उकळायचं नाही. २४ तासांनी उरलेलं ओतून द्या.

लिटरच्या पुडीत २.६ ग्रॅम मीठ आणि १३.५ ग्रॅम ग्लुकोज असतं. साखर चवीसाठी नाही. सोडियम आणि ग्लुकोज आतड्याच्या पेशीत जोडीने शिरतात आणि पाणी त्यांच्या मागून जातं. पटकीतसुद्धा (कॉलरा) ही वाट उघडी राहते. जुलाबातून पोटॅशियमही जातं, मग हातपाय गळतात, पोट फुगतं, त्यासाठी १.५ ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड. बायकार्बोनेट वाहून गेलं की रक्तात आम्ल वाढतं आणि पोर खोल, भराभर श्वास घेऊ लागतं. घरचे म्हणतात, "छाती भरली." दर वेळी छातीच असते असं नाही! त्यावर २.९ ग्रॅम सायट्रेट, शरीर त्याचं बायकार्बोनेट करून घेतं.

१९७१ साली पश्चिम बंगालमध्ये सीमेजवळच्या बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली, सलाईन पुरेना. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-ग्लुकोजचं पाणी पिंपांत कालवून नातेवाइकांच्या हातीच पाजायला दिलं. ३० टक्क्यांच्या आसपासचे मृत्यू ४ टक्क्यांच्या खाली आले.

पाजताना वाटी तोंडाला लावू नका. चमच्याने, मिनिटा-दोन मिनिटाला. उलटी झाली तर १० मिनिटं थांबा, मग आणखी सावकाश. दर जुलाबानंतर दोन वर्षांखालच्या बाळाला ५० ते १०० मिली, मोठ्या मुलाला १०० ते २००. अंगावरचं दूध चालूच ठेवा. मीठ घातलेली भाताची पेज उत्तम. शहाळ्यात पोटॅशियम भरपूर, पण सोडियम कमी, त्यामुळे नुसत्या शहाळ्यावर भागवू नका. सहा महिन्यांवरच्या बाळाला झिंकची २० मिलीग्रॅमची गोळी रोज, १४ दिवस. जुलाब थांबले तरी.

पुडी मिळेपर्यंत लिटरभर पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ चालतं. चव अश्रूंपेक्षा खारट लागली तर ओतून द्या. यात पोटॅशियम आणि सायट्रेट नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता सलाईनचं. पोर मलूल पडलं, डोळे खोल गेले, पिईना, पोटाची चिमटीत धरलेली कातडी सोडल्यावर दोन सेकंदांहून जास्त वेळ तशीच राहिली, की थांबू नका, दवाखाना गाठा. शौचात रक्त दिसलं तरी दाखवाच. रिक्षात बसल्यावरही पोर जागं असेल, गिळत असेल तर चमचा चालू ठेवा.