अप्पांच्या फियाटचा विमा

अप्पांची १९७२ ची फियाट. एजंट म्हणाला, "काका, हिला नुसती थर्ड पार्टी, म्हणजे दुसऱ्याच्या नुकसानीपुरती पॉलिसी घ्या. भंगाराला काय किंमत?" पाच वर्षांहून जुन्या किंवा उत्पादन बंद झालेल्या गाडीची आयडीव्ही, म्हणजे चोरी झाली किंवा गाडी पूर्ण निकामी झाली तर धरायची विम्याची किंमत, कंपनी आणि मालकाने आपसात ठरवायची असते, हे त्याच्या गावीही नव्हतं. मग नाना पेठेतली पार्टची बिलं, स्टिअरिंगलगतच्या गिअरच्या दांड्यापासून क्रोमच्या बंपरपर्यंतचे फोटो आणि सर्व्हेअरचा अहवाल असं बाड घेऊन दुसरीकडे गेलो. घासाघीस झाली, पण रक्कम पॉलिसीवर छापून आली. पन्नाशी उलटल्याने व्हिंटेज नोंदणी करता आली असती, थर्ड पार्टीचा हप्ताही निम्मा झाला असता. पण तशी गाडी रोजच्या वापराला रस्त्यावर काढता येत नाही. मग रविवारी अप्पांना सारसबागेत काय रिक्षाने नेऊ?